शर्यतीची स्कूनर रंगवताय? या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातली शर्यतीची यॉट रंगवायची म्हटलं की बहुतेक जण ‘अमेरिका’च निवडतात. २२ ऑगस्ट १८५१ ला इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालून ब्रिटिश यॉटना हरवणारी न्यूयॉर्कची स्कूनर, म्हणजे दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट. अमेरिकाज कप या यॉटच्या शर्यतीला नाव पडलं ते हिच्यावरून. निवड झकास, पण चित्रं बघवत नाहीत.

सगळ्यात डोक्यात जातं ते निशाण. बोट पुढे चालली म्हणून निशाण मागे फडफडणार, असं लोक बिनदिक्कत धरून चालतात. अहो, ती काय स्कूटर आहे? वारा थेट मागून असेल तर शिडाची बोट वाऱ्याहून हळूच जाते, मग निशाण नाळेकडेच, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडेच उडणार. वारा बाजूने असेल तर शिडं झुकलीत त्या बाजूला, तिरकं मागे. आमच्या वर्गातल्या एकाने दोन्ही मोठी शिडं पार बाहेर सोडलेली, म्हणजे वारा पाठीशी, आणि निशाण मागे ताठ असं चित्र प्रदर्शनात लावलं. नौदलातून निवृत्त झालेले एक काका बराच वेळ समोर उभे राहिले. मग म्हणाले, “सुरेख. इंजिन कुठं बसवलंय?” गड्याने घरी जाऊन निशाण खरवडलं, तर वार्निशसकट आकाशही निघालं! मी कॅनव्हासच्या कोपऱ्यात आधी वाऱ्याचा बाण काढतो. निशाण, शिडं, लाटा, सगळं त्याला विचारून.

दुसरं, शिडांचे फुगे. ब्रिटिशांची लिननची शिडं ढगळ व्हायची. ‘अमेरिका’ची यंत्रावर विणलेल्या सुती कापडाची, त्यातलं मुख्य शीड खालच्या कडेने बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) बांधलेलं, म्हणून सपाट बसायची, तिच्या वेगाचं एक कारण तेच. टम्म फुगवलीत तर तुम्ही हरलेली बोट रंगवलीत. आणि ट्यूबमधला पांढरा थेट फासू नका, कापड साईच्या रंगाचं असतं.

डोलकाठ्या मागे झुकलेल्या हव्यात. सरळ खांब नकोत.

सोलंटच्या, म्हणजे हे बेट आणि इंग्लंड यांच्यामधल्या खाडीच्या, आडोशाच्या पाण्यात अटलांटिकच्या लाटा नकोत.

होडीतून पाहिल्यासारखं चित्र असेल तर तुमचा डोळा पाण्यापासून जेवढा उंच, तेवढ्याच उंचीवर क्षितिज जवळच्या-लांबच्या सगळ्या बोटींना कापतं. लांबची बोट क्षितिजावर नेऊन ठेवू नका.

हल्लीच्या प्रतिकृतीचा फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर टाकून गिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फिट्झ हेन्री लेन या अमेरिकन चित्रकाराने १८५१ मध्येच हिचं चित्र केलंय, ते तासभर नुसतं बघा, मग पेन्सिल उचला.

दोर पट्टीने ओढू नका. डोलकाठीला धरणारे वाऱ्याकडचे दोर ताठ, पलीकडचे किंचित सैल. ते सगळ्यात शेवटी, रिगर ब्रशने (लांब केसांच्या बारीक ब्रशने), खालचा रंग पक्का वाळल्यावर. तैलरंग वाळेपर्यंत दम निघत नसेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या.