लायसन्स नसलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून पैसे परत मागताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या माझ्या मैत्रिणीने गॅरेजची खोली करायला घेतली. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार होते आणि बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतूनच आला. एस्टिमेटच्या कागदावर वर उजवीकडे लायसन्स नंबर छापलेला होता, म्हणून कुणी जास्त चौकशी केली नाही. चार हप्त्यांत ३८,००० डॉलर दिले. भिंतींना ड्रायवॉल लागली, छतातून वायरी लोंबकळत राहिल्या आणि एक दिवस माणसं यायची बंद झाली.

ती माझ्याकडे कागद घेऊन आली तेव्हा आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर्स बोर्डाच्या साइटवर तो नंबर टाकला. लायसन्स निघालं दुसऱ्याच कंपनीच्या नावावर, तेही सी-३६ वर्गाचं, म्हणजे फक्त प्लंबिंगचं. तिने आनंदाने माझा हात धरला, "म्हणजे पैसे परत मिळतील ना?" मी काम बंद पडल्याची तारीख विचारली. चौदा महिने झाले होते.

सगळे पैसे परत मागायच्या दाव्याची मुदत एक वर्षाची, वरच्या दोन महिन्यांनी घात केला. कॅलिफोर्नियात या बाबतीत कायदा घरमालकाच्या बाजूने अतिशय कडक आहे, आणि तरीही आपली माणसं साध्या चुकांनी हक्क घालवतात हे बघून जीव तुटतो.

आधी कायदा काय देतो ते पाहू. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ७०३१ नुसार ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे काम चालू असताना योग्य लायसन्स नव्हतं, त्याला दिलेले सगळे पैसे घरमालक कोर्टातून परत मागू शकतो. काम चांगलं झालं असलं तरी, आणि त्याने सामानावर खर्च केला असला तरी. न दिलेलं बिल वसूल करायला तो स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही. आणि लायसन्सबद्दल वाद उभा राहिला, तर ते होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. बोर्डाचं प्रमाणित पत्र त्यानेच आणून दाखवायचं.

फक्त "लायसन्स आहे का?" एवढंच विचारणं

हा प्रश्न अपुरा आहे. कामाच्या प्रत्येक दिवशी, याच नावावर, याच प्रकारच्या कामाचं लायसन्स चालू होतं का, असं विचारा.

नाव म्हणजे करारावर सही करणाऱ्याचं नाव. भावाच्या, मित्राच्या किंवा जुन्या साहेबाच्या नंबरवर काम घेणारे अनेक असतात. प्रकार म्हणजे वर्ग: घर बांधणाऱ्या जनरल कॉन्ट्रॅक्टरचा बी, इलेक्ट्रिकलचा सी-१०, छपराचा सी-३९. २०२१ पासून घराच्या रीमॉडेलिंगसाठी बी-२ हा वेगळा वर्ग आला, पण त्या माणसाने घराच्या मूळ सांगाड्याला हात लावायचा नसतो. बी-२ वाल्याने भार पेलणारी भिंत पाडली असेल तर ती गोष्ट नोंदवून ठेवा.

सगळ्यात जास्त नजरचूक होते ती तारखांची. कामगार ठेवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने कामगारांच्या अपघात विम्यात खंड पाडला तर त्याचं लायसन्स कायद्यानेच आपोआप निलंबित होतं. २००७ च्या एका अपील निकालात कामगारांचा पगार विमा कंपनीला कमी दाखवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरवर हेच शेकलं. साइटवर आज "सक्रिय" दिसतंय म्हणून सोडून देऊ नका. तिथेच विम्याचा इतिहास बघायची सोय आहे, आणि बोर्डाकडून लायसन्सचा प्रमाणित इतिहास फी भरून मागवता येतो. तो मागवाच. एका कागदावर तीन रकाने आखा: काम झाल्याची तारीख, पैसे दिल्याची तारीख, त्या दिवशी लायसन्सची स्थिती. वकिलाच्या पहिल्या भेटीत दुसरं काही नसलं तरी चालेल, हा कागद हवा.

बोर्डाकडे तक्रार केली म्हणजे दावा झाला असं समजणं

माझ्या मैत्रिणीने हेच केलं. तक्रार दिली, तपास अधिकाऱ्याचा फोन आला, तिने फोटो पाठवले आणि ती वाट बघत बसली. तक्रार जरूर करावी. विनालायसन्स काम घेणं हा गुन्हा आहे आणि फौजदारी खटल्यात कोर्ट भरपाईचा आदेशही देऊ शकतं. पण दिलेले सगळे पैसे परत मागायचा कलम ७०३१ चा दावा कोर्टातच दाखल करावा लागतो, आणि त्याची मुदत एक वर्षाची आहे. वर्ष मोजायचं ते काम संपलं किंवा त्याने सोडलं त्या दिवसापासून. "लायसन्स नव्हतं हे मला उशिरा कळलं" ही सबब चालत नाही, असं २०२० च्या अपील निकालाने स्पष्ट केलं आहे.

मुदत गेली म्हणजे सगळंच संपलं असं मात्र नाही. खराब किंवा अर्धवट कामाच्या नुकसानीचा दावा वेगळा, त्याच्या मुदती लांब आहेत. लेखी करार मोडल्याबद्दल चार वर्षं मिळतात. पण तिथे नुकसान किती झालं ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मैत्रीण आता त्याच वाटेने चालली आहे. ३८,००० मागायचे होते तिथे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या दुरुस्तीच्या एस्टिमेटवर भांडते आहे.

रक्कम १२,५०० डॉलरपर्यंत असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय जाता येतं.

बांधकामाचं परमिट स्वतःच्या नावावर काढणं

"परमिट तुमच्या नावावर काढा, लवकर मिळतं आणि स्वस्तात पडतं," असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की तिथेच थांबा. मालक स्वतः बांधकाम करतो आहे असं लिहून दिलं की शहराच्या दप्तरी जबाबदार तुम्ही. विनालायसन्स कॉन्ट्रॅक्टरचा माणूस शिडीवरून पडला तर कायद्याच्या दृष्टीने त्याचे मालकही तुम्हीच ठरू शकता. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला स्वतःच्या नावावर परमिट काढता येत नाही. ही मागणी का होते ते यातूनच कळतं.

पैशांचा माग न ठेवणं

घराच्या सुधारणेच्या करारात ॲडव्हान्सची मर्यादा १,००० डॉलर किंवा रकमेच्या दहा टक्के, जे कमी असेल ते. म्हणजे ६०,००० च्या किचनलाही १,००० च. ज्यांनी वेगळा बाँड (ग्राहकांच्या भरपाईची हमी) भरला आहे असे थोडे कॉन्ट्रॅक्टर याला अपवाद आहेत. त्याहून जास्त दिले गेले असतील तर लाजू नका, तो पुरावा आहे. रोख दिलं असेल तर बँकेतून काढल्याची नोंद आणि त्या दिवसाचे मेसेज जोडून ठेवा. झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने) दिलेले पैसे कुणाच्या खात्यात गेले ते नीट बघा. पुतण्याच्या नावावर गेले असतील तर ते का गेले हे सांगणारा मेसेज हवा. आणि दोन-तीन हजारांचा चेक घेऊन "आता काही मागणी नाही" अशा कागदावर सही करू नका.

"मला आधीच माहीत होतं" म्हणून गप्प बसणं

स्वस्तात होतंय म्हणून लायसन्स नसलेला माणूस घेतला, आता कुठल्या तोंडाने तक्रार करू, असं अनेकजण म्हणतात. २०१० च्या अपील निकालात घरमालकाला लायसन्स नसल्याचं ठाऊक असूनही त्याला पैसे परत मिळाले. मध्येच लायसन्स मिळालं हाही बचाव तिथे चालला नाही. कधीच लायसन्स नव्हतं अशा माणसाला "बहुतेक अटी पाळल्या" ही पळवाटसुद्धा मिळत नाही.

दुसऱ्या राज्यातला सल्ला जसाच्या तसा घेणं

फिनिक्सचे नातेवाईक सांगतात, "सरकारी फंडातून मिळतात पैसे." ॲरिझोनात तसा फंड आहे, पण तो कॉन्ट्रॅक्टरला लायसन्स असेल तरच पैसे देतो, बरोबर उलट. कॅलिफोर्नियात असा सर्वसाधारण फंडच नाही. इथे लायसन्सधारकाचा २५,००० डॉलरचा बाँड असतो, तोही सगळ्या तक्रारदारांत वाटला जातो, आणि लायसन्सच नसेल तर बाँडही नाही. म्हणून खटल्याआधी त्या माणसाच्या नावावर घर, गाडी किंवा चालू कंपनी आहे का ते वकिलाला बघायला सांगा. निकाल हातात आला आणि त्याने पैसे दिले नाहीत, तर निकालाची प्रत बोर्डाला पाठवा. त्याच्याकडे आता लायसन्स असेल तर बांधकामाच्या निकालाची थकबाकी राहिली म्हणून ते निलंबित होऊ शकतं, आणि धंदा चालू ठेवायचा असेल तर फोन त्याचाच येतो.