रात्रीचे फोटो काढायचेत? नाइट व्हिजन घ्यायच्या आधी हे वाचा

'भावा, पन्हाळ्यावर रात्री फोटो काढायचेत, नाइट व्हिजन कॅमेरा कुठला घेऊ?' असं मला लई जण विचारतात, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी ट्रायपॉड घे. नाइट व्हिजन म्हणजे अंधारात काय आहे ते बघायचं यंत्र, ते वेगळं आणि रात्रीची फोटोग्राफी वेगळी. तारे, रंकाळा, देवळाचं शिखर यासाठी साधा मॅन्युअल मोडवाला, म्हणजे सेटिंग आपल्या हातानं ठरवता येणारा, कॅमेरा पुरतो.

सुरुवात कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरनं करा. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका आणि खाली बॅग लटकवा, कारण तळ्यावरचा वारा काय गप बसू देत नाही. आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ८, शटर (उजेड किती वेळ आत येतो तो काळ) १० ते १५ सेकंद. दिव्यांना छान चांदणीसारखी टोकं येतात आणि पाणी काचेसारखं गुळगुळीत दिसतं. बटण बोटानं दाबलं की कॅमेरा हलतोच, म्हणून २ सेकंदाचा टायमर लावा. लेन्सवर स्टॅबिलायझरचं (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर ते ट्रायपॉडवर बंद ठेवा.

ताऱ्यांना हे सेटिंग चालत नाही. अमावस्येच्या आसपास पन्हाळ्यावर जा, अपर्चर जेवढं उघडेल तेवढं उघडा, आयएसओ १६०० ते ३२००. शटरसाठी ५०० ला फोकल लेंथनं (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा) भागायचं, म्हणजे फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ एमएम लेन्सला साधारण २० सेकंद, त्याच्या पुढं गेलात की ताऱ्यांच्या रेघा होतात. क्रॉप सेन्सर, म्हणजे त्याहून लहान सेन्सर, असेल तर आधी फोकल लेंथला दीडनं गुणा.

फोकसमध्ये माझी पहिली रात्र वाया गेली, ऑटोफोकस अंधारात नुसता पुढंमागं फिरत बसला, मी स्क्रीनवर छोटा फोटो बघून खूश, आणि घरी येऊन बघतोय तर चाळीसच्या चाळीस फोटो धूसर! तेव्हा मॅन्युअल फोकसवर या, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या चित्रात) एखादा ठळक तारा १० पट मोठा करा आणि तो अगदी बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, ठेवा. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' (फोटोतले दाणे कमी करायची सोय) चालू असेल तर २० सेकंदाच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद घेतो, हँग झाला म्हणून घाबरू नका.

आता खरं नाइट व्हिजन. स्वस्तातले बहुतेक कॅमेरे इन्फ्रारेड एलईडीवर चालतात, आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड ते पाडतात आणि चित्र काळंपांढरं येतं. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबा, जांभळट ठिपका चमकताना दिसेल, तोच हा उजेड. राधानगरीकडं शेतात गवा येतो का बघायला ट्रॅप कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावणार असाल तर त्याच्या एलईडीच्या उजेडाची तरंगलांबी ८५० की ९४० नॅनोमीटर, यातला फरक विचारून घ्या. ८५० चा उजेड लांब जातो पण एलईडी मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत पण पल्ला कमी. थर्मल कॅमेरा उष्णता बघतो, त्यात गवा ओळखू येईल, फोटो म्हणून भिंतीवर लावायसारखा येणार नाही.

काजव्यांना तर फ्लॅश, बॅटरी काहीच मारू नका, ते विझतात आणि शेजारी उभा असलेला माणूस शिव्या घालतो ते वेगळंच.

थंडीत पन्हाळ्यावर लेन्सवर दव बसतं, तोंडानं वाफ मारू नका, मऊ कापड जवळ ठेवा. कॅमेऱ्याची जादा बॅटरी बॅगेत नको, पँटच्या खिशात ठेवा, गारठ्यात ती लवकर उतरते.