रोमान्सेची अक्षरे मोजताना मी कुठे चुकले

स्पॅनिशच्या पहिल्या दोन पातळ्या पार करून जे आता जुन्या गाण्यांकडे वळत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी सुरुवात केली ती 'रोमान्से' या कथागीतांपासून. निवड योग्य होती, पद्धत चुकीची होती, आणि त्या चुकीत माझे दीड वर्ष वाया गेले.

मी गाणी देवनागरीत उतरवून पाठ करीत असे. 'कोंदे आर्नाल्दोस' या अनामिक रोमान्सेच्या शेवटी खलाशी म्हणतो : 'यो नो दिगो एस्ता कान्सिओन, सिनो आ किएन कोन्मिगो बा', म्हणजे जो माझ्यासोबत येईल त्यालाच मी हे गाणे सांगतो. माझ्या वहीत पहिल्या चरणाची अक्षरे दहा भरत, आणि रोमान्सेचा चरण तर आठांचा असतो. मी जुन्या कवींना शिथिल ठरवून मोकळी झाले. प्रत्यक्षात गाणारा 'यो-नो-दि-गोएस-ता-कान-सिओन' असे सातच उच्चार करतो. 'दिगो'चा शेवटचा ओ आणि 'एस्ता'चा पहिला ए एकाच ठोक्यात बसतात. याला सिनालेफा म्हणतात. आपल्या संधीत दोन स्वर मिळून बहुधा तिसरेच काही होते. इथे दोन्ही स्वर ऐकू येतात, फक्त जागा एकाची घेतात. 'सिओन' हाही एकच ठोका आहे, कारण शेवटचा न वेगळा मोजायचा नसतो. राहिला आठवा : चरणाच्या अंत्य उच्चारावर आघात, म्हणजे बोलण्यातला जोर, असेल तर मोजणीत एक वाढवतात, आणि आघात शेवटून तिसऱ्यावर असेल तर एक कमी करतात. दुसरा चरण 'सि-नोआ-किएन-कोन-मि-गो-बा' असाच सात अधिक एक आहे. हे कागदावर वाचून सोडू नका; टेबलावर बोटाने ठोके देत वीस वेळा म्हणा.

हे न कळल्याचा परिणाम केवळ छंदापुरता नव्हता. गाणे तोंडपाठ असूनही ध्वनिमुद्रणात 'गोएस' हा कुठला शब्द, हे मला उमगत नसे, आणि परीक्षेत ऐकण्याच्याच भागात मी नापास झाले. 'गाणी ऐकत राहा, बाकी आपोआप येईल' असे आमच्या वर्गात सांगितले जाई. आपोआप काहीही येत नाही. त्यापेक्षा कमी बोलणारा, पण प्रत्येक चुकीवर थांबवणारा शिक्षक शोधावा, असे माझे ठाम मत आहे. देवनागरीची वही आजच बंद करा, मूळ रोमन लिपीतील ओळी घ्या आणि जुळणाऱ्या स्वरांखाली पेन्सिलीने कमानी काढा.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. जात्यावरच्या ओवीत अक्षरे कमीजास्त झाली तरी गळा ती सांभाळून घेतो, हे ज्याने ऐकले आहे त्याचा कान अर्धा तयारच आहे. यमकाची सवय तेवढी सोडावी लागते : आर्नाल्दोसमध्ये 'मार', 'हुआन', 'बा' हे शब्द जुळतात, कारण रोमान्सेत सम चरणांच्या शेवटी फक्त स्वर जुळले तरी पुरते.

या गाण्यांचा पल्ला ध्यानात आला की कष्ट सुसह्य होतात. 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेल्या यहुदींनी ती सालोनिका, इस्तंबूल आणि मोरोक्कोपर्यंत नेली. मेक्सिकोच्या 'कोरिदो' या कथागीतांची मुळेही बहुतेक अभ्यासक इथेच पाहतात. 1900 मध्ये मधुचंद्राच्या प्रवासात असलेल्या रामोन मेनेंदेस पिदाल आणि मारिया गोइरी या रोमान्सेच्या अभ्यासक दांपत्याला कास्तील प्रांतातील एका धोबिणीच्या तोंडून, 1497 मध्ये वारलेल्या राजपुत्र हुआनच्या मृत्यूची रोमान्से ऐकायला मिळाली. चारशे वर्षे ते गाणे लोकांच्या तोंडी टिकून होते.

एक इशारा राहिला. चालीच्या ओघात गाण्यातला आघात कधीकधी शब्दाच्या चुकीच्या जागी पडतो, त्यामुळे उच्चार केवळ गाण्यावरून शिकू नये. शब्दांचेही तसेच : आर्नाल्दोसच्या पहिल्याच ओळीतील 'उबिएरा'चा अर्थ 'जवळ असते तर' असा आहे, आणि आज त्या अर्थाने 'तुबिएरा' म्हणतात. मी तो जुना शब्द तोंडी परीक्षेत मोठ्या ऐटीत वापरला होता.