डीएनएला इजा झाल्यावर पेशीतील जनुके कशी वागतात, हे मोजताना

रसायनाने डीएनएला इजा झाली की मानवी पेशीतील शेकडो जनुकांचे काम वाढते किंवा मंदावते. हा बदल मोजताना पेशी जिवंत असतानाचा प्रतिसाद मोजावा, मरणाऱ्या पेशीची धांदल नव्हे. पुढची प्रत्येक पायरी याच अटीवर पारखून घ्यावी.

पेशी निवडण्यापूर्वी तिच्यातील पी५३ हे प्रथिन शाबूत आहे का, ते पाहावे. एरवी एमडीएम२ हे प्रथिन पी५३ला टिकू देत नाही. इजा झाल्यावर मात्र एटीएम, एटीआर ही एन्झाइमे वर्दी देतात, पी५३ केंद्रकात साचते आणि विभाजन थोपवणाऱ्या पी२१चे, गॅड४५एचे व खुद्द एमडीएम२चेही जनुक चालू करते. आपल्याच वैऱ्याला ते असे बळ देत असल्यामुळे कित्येक पेशींत त्याची पातळी काही तासांच्या अंतराने चढते आणि उतरते. हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून मिळवलेल्या पेशी सहज मिळतात, परंतु त्यांतील पॅपिलोमा विषाणूचे ई६ प्रथिन पी५३चा निकाल लावत असल्याने तेथे पी२१ हलले नाही, तरी रसायन निरुपद्रवी ठरत नाही. यकृताच्या हेपजी२ किंवा रक्तपेशींपासून तयार झालेल्या टीके६ पेशी या कामी अधिक भरवशाच्या.

सिस्प्लॅटिन हे डीएनएला इजा करणारे कर्करोगाचे औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नये. ते डीएमएसओशी संयोग पावून निकामी होते. त्यासाठी ०.९ टक्के मिठाचे पाणी वापरावे. इटोपोसाइड या तशाच दुसऱ्या औषधाला मात्र डीएमएसओच लागते, म्हणून तितकेच डीएमएसओ घातलेल्या, पण औषध न दिलेल्या पेशी तुलनेसाठी शेजारी ठेवाव्यात. बेंझोपायरीनसारखे रसायन पेशीतील एन्झाइमांनी बदलल्यावरच डीएनएला चिकटते. टीके६मध्ये ती सोय तोकडी असल्याने यकृतातील एन्झाइमांचे एस९ मिश्रण घालावे लागते.

मात्रा ठरवताना घाई करू नये. आधी पाच-सहा मात्रांची चाचणी घ्यावी, २४ तासांनी मेलेल्या पेशीच रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने जिवंत पेशी मोजाव्यात आणि ज्या मात्रेला सुमारे ८० टक्के पेशी तगतात, तिच्यापुढे जाऊ नये. जनुक किती काम करते हे दाखवणारा आरएनए ४, ८ आणि २४ तासांनी काढावा: चार तासांचा नमुना इजेला दिलेले थेट उत्तर दाखवतो, तर २४ तासांच्या नमुन्यात त्या उत्तराचे परिणामही मिसळलेले असतात.

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हे काम करणाऱ्याने बुरशीचा विचार रसायनाइतकाच गांभीर्याने करावा. इन्क्युबेटरमधील पाण्याचे तबक वरचेवर धुऊन निर्जंतुक पाण्याने भरावे आणि पावसात वीज गेल्यावर ३७ अंश तापमान किती वेळ ढळले, याची नोंद ठेवावी, कारण तापमानाच्या धक्क्यानेही जनुके हलतात. मायकोप्लाझ्मा हा वाढवलेल्या पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. त्याची पीसीआर चाचणी प्रयोगाआधीच उरकावी.

आरएनए किती शुद्ध आहे, हे सांगणारे प्रकाशशोषणाचे २६०/२८० गुणोत्तर दोनच्या आसपास असावे. प्रत्येक जनुकाच्या आरएनएचे प्रमाण मोजणाऱ्या क्यू-पीसीआरमध्ये तुलनेचा पाया म्हणून जीएपीडीएच या एकाच संदर्भ-जनुकावर विसंबण्याची सवय मला पसंत नाही. किमान दोन जनुके घ्यावीत आणि औषधाने ती हलत नाहीत, हे त्याच नमुन्यांत पडताळावे. एकट्या पी२१ची वाढ इजेचा पुरावा मानू नये, कारण ते इतर ताणांनीही वाढते. म्हणूनच टीके६ पेशींसाठी ६४ जनुकांचा एकत्रित संच विकसित करण्यात आला. तेवढी सोय नसल्यास डीएनए न दुखावता पेशीला ताण देणारे ट्युनिकामायसिन तुलनेला घ्यावे आणि तुटलेल्या डीएनएजवळ उमटणाऱ्या गॅमा-एच२एएक्स या प्रथिनाच्या रंजनाने इजा प्रत्यक्ष पाहावी. तीन वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशी म्हणजे तीन प्रयोग. एका प्लेटमधल्या तीन खळग्या म्हणजे एकच.

वापरलेले माध्यम बेसिनमध्ये ओतू नये. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार सिस्प्लॅटिनसारखी पेशीघातक औषधे पिवळ्या वर्गात मोडतात आणि त्यांच्या पिशवीवर तशी खूण असावी लागते.