पार्किंगमधलं जोडीचं झू: एकही प्राणी न आणता पोरांना टूर कशी द्यायची

सुट्टी लागली की सांगलीत पोरांना न्यायचं कुठं हा प्रश्न येतोच, आमराई होते, गणपती मंदिर होतं, हरिपूरचा संगम होतो, मग कोणतरी म्हणतंय झू बघायचंय, आणि त्यासाठी पुण्याला कात्रजला जायचं म्हणजे अख्खा दिवस गाडीत आणि पोरं पिंजऱ्यापुढं पाच मिनिटं थांबून आइस्क्रीम मागणार. त्यापेक्षा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खोटं खोटं झू करा. खर्च जवळजवळ शून्य, मेहनत एका संध्याकाळची. कसं करायचं ते सांगतो.

पहिला नियम, आणि हा मोडायचा नाही: एका पिंजऱ्यात दोन प्राणी. एकटा प्राणी दाखवला की पोरगं नाव ओरडतंय आणि पुढं पळतंय, विषय संपला. दोन शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं "ह्यातला कुठला कुठला?" की ते थांबतंय, खाली बसून बघतंय, भांडतंय. टूर म्हणजे हे भांडणच आहे, तुम्ही नुसतं पंच व्हायचं. जोड्या पण नर-मादीच पाहिजेत असं काही नाही. दिसायला सारखे, म्हणजे लोकं कायम घोळ घालतात असले, किंवा एक आपल्या गावचा आणि एक लांबचा, किंवा एकजण दुसऱ्याला खातो नाहीतर फसवतो असले. खऱ्या झूमध्ये काळवीट आणि चित्ता एका पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, इथं येतात, फायदा घ्या.

सामान: रांगोळी, खडू, मोजायची टेप, किराणा दुकानातली रिकामी खोकी, सुतळी, गेरू, बागेला पाणी घालायचा पाइप. काँक्रीट असेल तर साध्या खडूनं काम होतंय, टाइल्स असतील तर खडू दिसत नाही, तिथं रांगोळी ओढा. प्राणी रंगवायच्या भानगडीत पडू नका, फक्त खऱ्या मापाची बाह्यरेषा काढा. चित्र जमलं नाही तरी चालतंय, माप चुकलं तर नाही चालत, कारण पोरांनी टीव्हीवर आणि मोबाईलवर सगळे प्राणी सहा इंचाचेच बघितलेत. सात जोड्या बास, पाऊण तासाच्या वर गेलं की बारकी पोरं पाणी पाणी करायला लागतात.

सुरुवात मगरीनंच करा. सांगलीच्या पोराला मगर माहिती असते, कृष्णेत आहेतच, भिलवडी, औदुंबर, डिग्रज, हरिपूर, कुठंतरी दिसल्याचा व्हिडिओ दर हिवाळ्यात ग्रुपवर येतोच, थंडीत ऊन खायला काठावर येऊन पडतात ना. तर बारा फुटी मगर काढा आणि शेजारी पंधरा फुटी सुसर. बारा फूट म्हणजे किती हे कळायला कुणाची तरी छोटी गाडी मधी लावून ठेवा, ती मगरीपेक्षा बुटकी निघते आणि तिथंच पहिला "आयला" ऐकू येतोय. फरक तोंडात आहे. मगरीचं तोंड रुंद, जे मिळेल ते खाणारं, मासा, कुत्रं, शेळी. सुसरीचं तोंड लांब आणि निमुळतं, दातांची रांगच रांग, ती मुख्य करून मासेच खाते, आणि मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा गोळा असतो. सुसर आपल्या कृष्णेत नाही, ती तिकडं चंबळला. काठावरची जुनी माणसं मगरीलाच सुसर म्हणतात, आजोबा लोकांशी त्यावरून वाद घालू नका, पोरांसमोर तर नकोच. ह्या पिंजऱ्यापुढं एक गोष्ट हमखास सांगा: मगरीच्या अंड्यातून नर निघणार का मादी हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. मोठ्या पोरांना हे लै आवडतं आणि प्रश्नावर प्रश्न येतात. आणि उन्हाळ्यात नदीला पोहायला जायचं नाव काढणाऱ्यांना त्या बारा फुटी रेघेत आडवं झोपवा. लेक्चरची गरज पडत नाही.

दुसरी जोडी सोपी, ससा आणि ससा. एक पांढरा लाल डोळ्यांचा, दुकानात पिंजऱ्यात मिळतो तो, आणि एक आपल्या माळावरचा रानससा, मातकट रंगाचा, लांब पायांचा. पोरं म्हणणार एकच आहे, नुसता रंग वेगळा. नाही. पांढऱ्याची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी नागडी आणि डोळे मिटलेले, रानसशाची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच येतात, कारण रानससा बीळ करतच नाही, गवतात नुसती बसायला जागा करतो, उघड्यावर जन्मायचं तर तयार होऊनच यायला पाहिजे. इथं दोन बारक्यांना पिल्लू करा, एक डोळे मिटून पडणार, एक टाळी वाजली की पळणार. दोन मिनिटात पुढं चला.

माकड आणि वानर. महाबळेश्वरला पॉइंटवर हातातलं मक्याचं कणीस पळवतं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. एवढं सगळ्यांना येतंय, म्हणून इथं जरा आतलं सांगायचं. माकडाच्या गालात पिशव्या असतात, मिळालं ते आधी कोंबायचं, लांब जाऊन निवांत खायचं. वानराला त्या पिशव्या नाहीत, त्याचं पोट मात्र कप्प्याकप्प्यांचं, पाला पचवायला. खेळ असा की अर्ध्या पोरांनी गाल फुगवून पळायचं, अर्ध्यांनी जागेवर बसून चावत राहायचं. (गालात शेंगदाणे बिणदाणे भरायला देऊ नका, ठसका लागतोय, हवाच भरा.)

आता साप. ही जोडी आपल्या जिल्ह्यात ठेवायलाच पाहिजे. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना माहिती आहे, जिवंत नाग पकडून मिरवायचे, मग वन्यजीव कायदा आणि हायकोर्टाचा आदेश आला आणि जिवंत नागांच्या मिरवणुकीवर, खेळांवर बंदी आली. आपल्या झूत पाइपचा नाग, त्यामुळं कायद्याची अडचण नाही. पाइपचे दोन तुकडे: साडेचार फुटाचा नाग, सात-आठ फुटाची धामण. विचारा, कुणाला घाबरायचं? सगळे लांब तुकड्याकडं बोट करतात. तिथंच सांगायचं की लांबडी आहे ती बिनविषारी, शेतातले उंदीर खाणारी, आणि बुटका आहे तो विषारी. नागाचा फडा पुठ्ठ्याचा करा आणि मागं तो दहाचा आकडा काढा. फडा म्हणजे काय हे पण दाखवा: मानेतल्या फासळ्या लांब असतात त्या बाजूला पसरवतो, कातडी ताणली जाते, बास. न पसरलेला नाग साधा सापच दिसतोय, म्हणून फडा दिसला नाही म्हणजे धामण, असं समजून कुणी हात लावायचा नाही, कुठलाच साप धरायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं आणि मोठ्यांनी सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला १९२६ वर फोन करायचा. आणि धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही गोष्ट कोणतरी आज्जी काढणारच. आज्जींना म्हणायचं, "आज्जी, सापाला ओढून प्यायला ओठ कुठं असत्यात ओ?" आज्जी हसतात, आपण पुढं जायचं.

ह्याच्यापुढची दोन पिंजरी एकमेकांना चिकटून ठेवा, कारण एकातलं दुसऱ्यात जातंय. आधी चितळ आणि काळवीट. दोघांनाही आपण सरसकट हरीण म्हणतो, पण डोक्यावरचं बघा. चितळाच्या नराची शिंगं फांद्या फुटलेली आणि ती दरवर्षी गळून परत येतात. काळविटाची पिळाची, फांदी नाही, आणि ती जन्मभर तीच, गळत नाहीत. वाळक्या फांद्या आणि पिळलेली सुतळी, दोन्ही शिंगं पाच मिनिटात तयार होतात. चितळाची शिंगं सुतळीनं सैल बांधा, टूर चालू असताना एकानं मुद्दाम पाडायची, "वर्ष संपलं!" म्हणून ओरडायचं. खरे प्राणी बघायचे असतील तर देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर आहे, पहाटे जावा. हे अभयारण्य आपोआप झालेलं नाही, धों. म. मोहित्यांनी लोकांना धरून उघड्या बोडक्या डोंगरावर झाडं लावली, प्राणी आणून सोडले, १९८५ ला त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला, हे पोरांना सांगा, जिल्ह्यात राहून निम्म्या लोकांना माहिती नसतं.

मग काळविटाच्या शेजारच्या पिंजऱ्यात चित्ता आणि बिबट्या. ही जोडी टूरचा राजा, इथं वेळ घालवा. सांगली-सातारकडं बिबट्या दिसला की बातमी सोडून अर्धी माणसं "चित्ता आला" म्हणतात. चित्ता इथं येणं शक्य नाही, देशातले चित्ते संपले असं १९५२ ला जाहीर झालं, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले. पण एकेकाळी हे आपल्या शेजारीच होते, कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळलेले असायचे, काळवीट धरायला सोडायचे, सांभाळायला चित्तेवान. म्हणून तर तो पिंजरा काळविटाला चिकटवला.

फरक पोरांकडूनच काढून घ्या. चित्त्याचे ठिपके भरीव, गेरूत बोट बुडवून टेकवा झालं. बिबट्याचे ठिपके मधी मोकळे, फुलासारखे, त्यासाठी बाटलीच्या झाकणाचे शिक्के मारा. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, बिबट्याला ती नाही. चित्त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत, पळताना जमीन धरायला लागतात. बिबट्या नखं आत घेतो, आणि शिकार तोंडात धरून झाडावर चढवतो, चित्त्याला हे जमत नाही. आवाजावर पैज लावा: "चित्ता डरकाळी कशी फोडतो?" सगळे घसा ताणून ओरडतात, मग सांगा की फोडतच नाही, मांजरासारखं गुरगुरतो आणि पाखरासारखं चिवचिवतो. त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. वेग दाखवायला पार्किंगमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस मीटर मोजा, जागा नसेल तर गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत, एका टाळीपासून एका सेकंदात चित्ता ह्या टोकाचा त्या टोकाला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. फक्त हे थोडाच वेळ, मग दमतो.

आणि बिबट्यापुढं एक कामाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं सरकू नका, विशेषतः ज्यांचं गाव शिराळा, वाळवा, कराडकडं आहे. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते, ऊसतोड चालू झाली की ती सापडतात, आणि लोकं उचलून मांडीवर घेऊन फोटो काढतात. काढायचे नाहीत. लांब व्हायचं, वनखात्याला कळवायचं, आई बहुतेक अंधार पडल्यावर पिल्लं घेऊन जाते, माणसांची गर्दी असली की ती येत नाही, आणि पिल्लं हलवलेली बघून चिडलेली बिबटीण रानात फिरणं कुणालाच परवडत नाही.

शेवटच्या जोडीसाठी काहीही काढायचं नाही. कावळा आणि कोकीळ, मे महिन्यात दोन्ही तुमच्या गेटसमोरच्या झाडावर असतातच, पोरांना खुर्च्या टाकून वर बघायला सांगा. कुहू कुहू करतो तो नर, काळा कुळकुळीत, लाल डोळ्याचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, बऱ्याच मोठ्या माणसांनी ती बघूनही कोकीळ म्हणून ओळखलेली नसते. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि वाढवायचं काम कावळ्याच्या गळ्यात. गळ्याजवळ राखाडी असलेला आपला रोजचा गावकावळा, आणि पूर्ण काळा जाड चोचीचा डोमकावळा, तो दिसला तर बोनस. इथं पोरं भांडतात, कावळ्याच्या बाजूनं आणि कोकिळेच्या बाजूनं. भांडू द्या.

गाइड कोण? पहिली टूर तुम्ही द्या, दुसरी टूर सातवी-आठवीतल्या पोरीला द्यायला लावा, ती तुमच्यापेक्षा जास्त फेकते आणि बारकी पोरं तिचंच ऐकतात. प्रत्येक ग्रुपमध्ये एक सर्वज्ञ पोरगं असतंय, सगळी उत्तरं आधी ओरडणारं, त्याला तिकीट खिडकीवर बसवा, भडंगाची एक पुडी म्हणजे एक तिकीट, हिशोब ठेवायला सांगा, एकदम शांत. उत्तर येत नसलं तर खोक्यावर प्रश्न लिहून ठेवा आणि संध्याकाळी बघा, मोबाईल टूरच्या मधी काढला की सगळी पोरं मोबाईलवर वाकतात.

पुढच्या वेळेला जोड्या बदला: शेकरू आणि साधी खार (शेकरू शेपटीसकट तीन फूट, आपला राज्यप्राणी, कोयना-महाबळेश्वरच्या जंगलात आहे), गवा आणि म्हैस, साळिंदर आणि खवले मांजर, आफ्रिकन हत्ती आणि आपला हत्ती, ह्यात कानाचं माप आणि सोंडेच्या टोकाची बोटं बघायची, त्याची दोन, आपल्याची एक. हत्ती काढायला दोन गाड्यांची जागा मोकळी लागते, ते आदल्या दिवशीच शेजाऱ्यांशी बोलून ठेवा.

आणि रांगोळी सातच्या आत झाडून घ्या, ऑफिसातनं टू-व्हीलर येतात आणि रांगोळीवरून चाक सरकतंय.