ड्रिल, कॅमेरा, जुना लॅपटॉप... बॅटरी पडून राहणार असेल तर हे करा

एखादी वस्तू दोन-चार महिने लागणार नसली की आपण सर्रास काय करतो, बॅटरी फुल चार्ज करून कपाटात टाकतो, कारण हातात घेतली की चालू झाली पाहिजे. नेमकं हेच करू नका. फुल चार्ज आणि उकाडा, हे दोन्ही एकत्र आले की लिथियम सेल नुसता पडल्या पडल्या म्हातारा होतो आणि गेलेली कपॅसिटी काही परत येत नाही.

ठेवताना ४० ते ६० टक्के चार्ज बास. ड्रिलच्या बॅटरीला चार लाइट असतील तर दोन लागले की झालं. मल्टीमीटर असेल तर अजून बरं, साधा लिथियम सेल फुल असताना ४.२ व्होल्ट दाखवतो आणि निम्मा असताना ३.७-३.८ च्या आसपास, १८ व्होल्टवाल्या पॅकमध्ये असे ५ सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे फुल २१ आणि ठेवायला साडेअठरा ते एकोणीस. (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे आकडे लावू नका हां, तिचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास हलतच नाही.)

पार उतरवून ठेवणं तर त्याहून वाईट. बॅटरी आपोआप थोडी उतरतेच, वर आतलं सर्किट पण थोडं थोडं खात असतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा आणि कमी वाटली तर परत निम्म्यावर आणा. खूपच उतरलेला सेल चार्जर घेत नाही, मग व्हिडिओ बघून डायरेक्ट वायरी लावून "जिवंत" करायच्या भानगडीत पडू नका, आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. आणि मधून मधून पूर्ण उतरवावी लागते वगैरे जे सांगतात ते जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचं, लिथियमचं उलट नुकसान.

जागा थंड आणि कोरडी. पत्र्याखालचा माळा नकोच, विदर्भातल्या मे महिन्यात तर अजिबात नको, त्यापेक्षा आतल्या खोलीतला खालचा खण बरा. फ्रिजमध्ये पण नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. बॅटरी वस्तूतून काढून ठेवा, तिच्या धातूच्या पॉइंटवर चिकटपट्टी लावा, खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकू नका.

लॅपटॉप कायम चार्जिंगलाच असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची लिमिट मिळते का बघा.

फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. घंटागाडीत पण टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.