रॅमची वॉरंटी, बिल नसताना

खानापुरात पावसाळ्यात लाईटची ये-जा नेहमीचीच. त्यामुळं पीसी निळी स्क्रीन दाखवून बंद पडायला लागला तेव्हा घरच्यांनी खापर तिच्यावरच फोडलं. मला संशय रॅमचा. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगानं चालवणारं सेटिंग, बंद केलं, फरक शून्य. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावलं. एका वेळी रॅमची एकच स्टिक (पट्टी), स्लॉट तोच. पहिली रात्रभर स्वच्छ. दुसरीनं चहा उकळायच्या आत चुकांच्या लाल ओळी ओकल्या.

बेळगावचा दुकानदार म्हणाला, "बिल नाही तर काय होत नाही बघा." पण कंपनीच्या साईटवर स्टिकरवरचा सिरीयल नंबर टाकला तर वॉरंटी शिल्लक! (स्टिकर खरवडू नका, तेवढाच पुरावा असतो.) लाल ओळींचा फोटो जोडला. जोडीचं किट, म्हणून दोन्ही स्टिक मागवल्या त्यांनी. बदली आलेल्याही आधी मेमटेस्टवर चढवल्या, मगच कॅबिनेटचे स्क्रू आवळले.